खिम्याला साधी कड

२ नोव्हेंबर

आज मृतांच्या स्मरणाचा दिवस. कौनासहून दानुते आली होती, माझी नणंद. आम्ही चौघं दफनभूमीत गेलो, मेणबत्त्या लावल्या. सासूबाई आमच्या पुढे चालत गेल्या आणि सासऱ्यांचं थडगं सोडून शेजारच्या कुणा भलत्याच माणसासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. मी कोपर धरून त्यांना इकडे वळवलं, तर म्हणाल्या, "त्यालाही कुणीतरी हवं ना. त्याची पोरं लंडनला." या बाईला चुकले म्हणायचं कधी ठाऊकच नाही.

परत येताना दानुतेने मला गाडीपाशी थांबवलं. तिला आईला कौनासला न्यायचंय. सातवा मजला, लिफ्ट, खाली औषधाचं दुकान. माझ्या नवऱ्याला, ब्रोन्यूसला, विचारण्यात अर्थ नाही, त्याला आई म्हणजे जंगलातलं झाड वाटतं, कायम उभंच असणार. "तू दिवसभर घरात असतेस झीता. तिला सगळं झेपतंय का, ते तू बघून सांग. कूचोसला मी येईन तेव्हा ठरवू." कूचोस म्हणजे नाताळच्या आदल्या संध्याकाळचं उपासाचं जेवण, त्याला अजून सात आठवडे आहेत.

मी हो म्हटलं. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, म्हणून खरं लिहिते, मला बरं वाटलं. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यावर फेब्रुवारीत मारियामपोले सोडून आम्ही या घरात आलो. नऊ महिन्यांत मला इथला एक चमचा इकडचा तिकडे करता आलेला नाही.

७ नोव्हेंबर

चमच्याचं लिहिलं होतं, आज मिठावरून झालं. मिठाची बरणी चुलीच्या उजव्या हाताला असते, वाफेने मीठ दगड होतं. मी ती खिडकीत ठेवली. सासूबाईंनी सूपमध्ये मूठभर साखर घातली, कारण उजव्या हाताला आता साखर होती. मग मलाच बोलल्या, "माझ्या घरातल्या वस्तू पायांनी चालत नाहीत."

म्हटलं, आई, बरणीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय की. तर म्हणाल्या, पन्नास वर्षं स्वयंपाक करणारी बाई मीठ वाचत बसत नाही. बीटचं ते गोड सूप ब्रोन्यूसने मुकाट्याने खाल्लं आणि वर छान झालंय म्हणाला. त्याच्याकडून आणखी काय अपेक्षा करायची?

बरणी परत उजवीकडे गेली. ती मी ठेवली नाही, त्यांनीच हुडकून ठेवली.

१६ नोव्हेंबर

रविवार. कोल्दून केले, खिमा भरून पाण्यात उकळायचे, पन्नासेक. मला काय करायला मिळतं ते लिहून ठेवते: पीठ मळायचं, लाटायचं, पेल्याने पाऱ्या पाडायच्या, सारण ठेवायचं. कड बंद करायची नाही. कड फक्त सासूबाई बंद करणार. मी लग्न होऊन या घराशी जोडले गेले त्याला एकतीस वर्षं झाली, पण या टेबलाशी अजून मी लाटणारीच आहे.

प्रत्येक पारी त्या आधी अंगठा आणि बोटात धरून बघतात. माझी पारी जाड निघाली की बाजूला. आज सारणावरून ऐकून घेतलं, आमचा सुवाल्किया प्रांत चिक्कूपणासाठी बदनाम. "एवढंसं सारण? सुवाल्कियाची सून आणली की असंच. तुमच्याकडे अंडंसुद्धा उधार घेऊन उकडतात म्हणे." मीही म्हटलं, तुमच्या रानात मशरूम आणि बोरं उगवली नसती तर तुमच्या मुलींना अंगभर कपडा मिळाला नसता, असं आमच्याकडे म्हणतात. त्या इतक्या हसल्या की पीठ उडालं. "हे आमच्याकडेच म्हणतात, तुमच्याकडे पोचलं कसं?"

हसताना चांगल्या दिसतात. पण नंतर चहा ओतताना कपात बोट बुडवून ठेवलं, पार वरपर्यंत चहा येईतो. तो कप मला. म्हातारपणी माणसाला स्वच्छतेचं काही राहत नाही. मी ब्रोन्यूसच्या कपाशी अदलाबदल केली.

३० नोव्हेंबर

आजपासून नाताळपूर्वीचे उपास. सासूबाईंनी कालच खिमा बंद केला.

गावाकडचं साप्ताहिक आता मला मोठ्याने वाचून दाखवावं लागतं. आधी त्या स्वतः वाचायच्या, शेवटच्या पानापासून, कोण गेलं ते आधी. आता म्हणतात, छापणारेसुद्धा सुवाल्कियाचे झालेत, अक्षरं खसखशीएवढी करून टाकलीत. मला चिमटा काढल्याशिवाय साधी तक्रारही करता येत नाही यांना. वाचलं मी. चौघं गेले. एकाच्या नावाला त्यांनी मान हलवली आणि "नाचायचा छान" एवढंच म्हणाल्या.

१० डिसेंबर

आज काय झालं ते मला नीट कळलेलं नाही, पण लिहिते.

वाळवलेल्या मशरूमची पिशवी काढली. त्या प्रत्येक तुकडा नाकाशी नेऊन वेगळा करत होत्या. दोन तुकडे चुलीत टाकले. मला ते इतर तुकड्यांसारखेच दिसले. मग अचानक म्हणाल्या, "ये, मुरड शिकवते."

एकतीस वर्षं! मी हात दोनदा धुतले.

मुरड म्हणजे कोल्दूनची कड चिमटीत धरून आत वळवत जायचं, वळ पुढच्या वळाखाली दाबायचा, दोरासारखी वेणी पडत गेली पाहिजे. त्यांनी माझी बोटं आपल्या बोटांखाली घेतली. त्यांची बोटं कोरडी, गरम, आणि वेग असा की माझी बोटं मागे फरफटत होती. आणि हे सगळं करताना त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. माझ्या हाताकडे एकदाही पाहिलं नाही. मला राग आला. शिकवायचंय तर बघा तरी, म्हटलं.

त्या म्हणाल्या, "बघून मुरड घालते ती बाई अजून कच्ची."

अहंकार म्हणजे किती असावा. तरी दहाव्या कोल्दूनला माझी वेणी जमली. त्यांनी अंगठा फिरवला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि काही बोलल्या नाहीत. न बोलणं म्हणजे पास, हे मला आता कळायला लागलंय. दिवसभर मी उगाच गुणगुणत होते.

१८ डिसेंबर

दानुतेचा फोन. झेपतंय का आईला? मी म्हटलं, हट्टी झाल्यात. कशालाही हात लावू देत नाहीत. परवा कपाट उघडं राहिलं, त्याच्या दारावर कपाळ आपटलं, तर दाराला दोष. सूपमध्ये साखर घातली तेही सांगितलं, बरणी मी हलवली होती ते नाही सांगितलं. दानुते म्हणाली, "म्हणजे नाही झेपत." मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. ती म्हणाली, खोली रंगवून घेतलीय, नाताळनंतर बरोबरच घेऊन जाईन.

फोन ठेवला तेव्हा सासूबाई चुलीमागच्या उबदार ओट्यावर मोजे विणत होत्या. विणायच्या थांबल्या नव्हत्या.

हे घर माझं होईल. बरण्या मला हव्या तिथे. मग मला आनंद का होत नाहीये? कदाचित दमले असेन, पडदे धुतले आज.

२१ डिसेंबर

काल मशरूमचे कोल्दून झाले, एकशे वीस, सगळी मुरड सासूबाईंची. पिठात अंडं नाही, लोणी नाही, कूचोसला चालतील असे. फळीवर पीठ भुरभुरून काचेच्या थंड व्हरांड्यात ठेवले. तिथे आता असं गारठतंय की तासाभरात खडे होतात.

काल व्हरांड्यात फार वेळ उभ्या राहिल्या आणि आज ताप. म्हणून नाताळच्या दिवसाचे खिम्याचे कोल्दून मी एकटीने केले. कड बंद करायलासुद्धा मीच. ओट्यावरून आवाज आला, "झीता, खिम्याला साधी कड. काट्याने दाबायची."

म्हटलं, का?

"आमच्याकडे तसंच."

मी हो म्हटलं आणि घातली मुरड. चौऱ्याण्णव कोल्दून, प्रत्येकाला वेणी. मला कळत होतं ना त्यांचं! मुरड शिकवली खरी, पण सणाला मिरवायची ती त्यांचीच राहिली पाहिजे, सुनेने काट्याने दाबत बसायचं. दानुते येणार, तिच्यासमोर दोन्ही फळ्या ठेवीन, बघू दे कुणाची कुठली ते ओळखता येतंय का. खरं सांगायचं तर मलाच ओळखता येत नाहीये. फडकं घालून खिम्याची फळी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, मशरूमची बाकावर आहेच.

२३ डिसेंबर

ब्रोन्यूसने झाड आणलं, नेहमीप्रमाणे दारापेक्षा मोठं. व्हरांड्यातून आत घेताना जागा करावी लागली, म्हणून मी फळ्या उचलल्या, मग जिथे जागा दिसली तिथे ठेवल्या. सासूबाईंचा ताप उतरला. उठल्या त्याच थेट चुलीपाशी.

दानुते आली. येताना आईसाठी मऊ सपाता आणल्या, फ्लॅटमध्ये घालायला. सासूबाईंनी सपाता मांडीवर ठेवल्या आणि कितीतरी वेळ त्यांच्यावरून हात फिरवत बसल्या.

२५ डिसेंबर, सकाळ

सगळे चर्चला गेलेत. मी डोकं दुखतंय सांगून मागे राहिले. काल संध्याकाळचं आजच लिहिलं पाहिजे.

टेबलक्लॉथखाली गवत, बारा पदार्थ, सासऱ्यांचं रिकामं ताट, सगळं रीतसर. जेवायला बसण्याआधी पहिली चांदणी बघायला दरवर्षी सासूबाई अंगणात जातात आणि सगळ्यांच्या आधी त्यांनाच दिसते. यंदा म्हणाल्या, गुडघे दुखतायत, ब्रोन्यूस, तू जा. तो गेला, आला, दिसली म्हणाला. चर्चमधून आणलेला प्रसादाचा पापुद्रा मोडून एकमेकांना दिला. हेरिंग मासे झाले, ते उपासाला चालतात, बीट झालं. मग सासूबाई उठल्या. "आज फळी मीच आणणार."

व्हरांड्याचं दार उघडं होतं, मला दिसत होत्या. बाकावरच्या फडक्याखाली हात घातला, एक कोल्दून घेतला, कडेवरून अंगठा फिरवला, मान हलवली. फळी आणली, उकळत्या पाण्यात रिकामी केली, वर आले तसे झाऱ्याने काढले, तेलात परतलेला कांदा घातला. सासऱ्यांच्या ताटात तीन, मग आम्हाला.

पहिला घास दानुतेने घेतला आणि थांबली. "आई, यात खिमा आहे."

कूचोसच्या टेबलावर मांस, या घरात! ब्रोन्यूसचा काटा तोंडाशी राहिला. दानुतेने माझ्याकडे पाहिलं, बघ, मी म्हणत नव्हते का, अशा नजरेने. मग आईकडे वळून, रागाने नाही, अगदी हळू म्हणाली, "आई, तुझं लक्ष नाही राहत आता. नाही झेपत तुला."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी ताटातला एक कोल्दून हातात घेतला होता. तेलकट, गरम. अंगठा कडेवरून फिरत होता, एकदा, परत, परत, वेणी चाचपत. चेहरा दानुतेकडे होता पण डोळे तिच्या खांद्यापलीकडे भिंतीवर होते. त्या काहीच बघत नव्हत्या. आणि मला एकदम मीठ आठवलं. कपातलं बोट, शेजारचं थडगं, कपाटाचं दार, खिडकीकडे केलेलं तोंड, खसखशीएवढी अक्षरं. खिम्याला साधी कड.

त्यांना दिसत नाही. आणि त्यांनी जी खूण ठेवली होती, ती मी मुद्दाम पुसली.

मी म्हटलं, "ताई, चूक माझी आहे. फळ्या मी हलवल्या. झाड आत घेताना. आणि आईंनी खिम्याला साधी कड घाल म्हणून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, मिरवायचं होतं मला. त्यांच्यासारखीच मुरड घातली. कुणालाच ओळखता आलं नसतं." यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त शेवटचं 'कुणालाच' हे मी जरा जोर देऊन म्हटलं.

दानुतेने काटा खाली ठेवला. मग म्हणाली, "सुवाल्कियाची ना तू. म्हटलं असशील, खिमा आहे, कशाला उद्यापर्यंत थांबायचं." ब्रोन्यूस हसला. मला लागलं, पण गिळलं.

सासूबाईंनी हातातला कोल्दून खाली ठेवला. "यांच्या ताटात पण गेले का तीन?" असं सासऱ्यांच्या ताटाकडे हात करून विचारलं. म्हटलं, गेले. "मग एक माणूस तरी खूश झाला. चाळीस वर्षं दर कूचोसला मशरूम बघून तोंड वाकडं करायचे." मग ब्रोन्यूस इतका हसला की त्याला ठसका लागला. मी बाकीचे कोल्दून काढून ठेवले आणि दुसरी फळी आणली. त्यावर हात फिरवून पाहिला. डोळे मिटूनसुद्धा पाहिला. काही कळलं नाही. त्यांची मुरड आणि माझी मुरड, खरंच काही फरक नव्हता. एरवी मी यावर वर्षभर खूश राहिले असते.

२७ डिसेंबर

दानुते आज गेली, एकटीच. मार्चमध्ये बघू म्हणाली. सपाता इथेच राहिल्या.

ब्रोन्यूस लाकडं फोडायला गेल्यावर मी सासूबाईंसमोर बसले. म्हटलं, आई, मला कळलंय.

"काय?"

"तुम्हाला दिसत नाही ते."

त्यांनी विणकाम मांडीवर ठेवलं. "कधी कळलं?"

"कूचोसला. तुम्ही कड चाचपत होता तेव्हा."

"मला दिसत नाही हे दिसायला तुला फेब्रुवारीपासून डिसेंबर लागला. मग आपल्या दोघींत आंधळी कोण?"

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकाच वेळी, नाक पुसायला रुमालसुद्धा नव्हता. विचारलं, मला का नाही सांगितलंत. त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू दानुतेला सांगितलं असतंस. फोनवर बोलता ना तुम्ही. डोळे गेलेत माझे, कान नाही गेले."

म्हणजे सगळं ऐकलं होतं. साखरेचं, हट्टी झाल्यात म्हटलेलं, झेपत नाही याला मी दिलेली गप्प संमती. ते ऐकून आठ दिवस त्या माझ्यासोबत जेवल्या आणि त्यावरून एक टोमणाही मारला नाही मला. मला इतकी लाज वाटली की त्यांच्याकडे बघवेना, आणि मग लक्षात आलं की मी बघते की नाही हे त्यांना कळणारच नाही. म्हणून तोंडाने सांगितलं. "आई, मला लाज वाटते."

"वाटू दे थोडी. प्रकृतीला चांगली असते."

साध्या कडेची पद्धत तुमच्याकडे कधीपासून, असंही विचारलं. मला वाटत होतं आजेसासूबाईंपासून असेल. त्या म्हणाल्या, दोन वर्षांपासून.

मग मी पण ऐकवलं. चूल आहे, उकळतं पाणी आहे, विहिरीकडची वाट घसरडी आहे. लपवून चालणार नाही. ब्रोन्यूसला आज सांगायचं, डॉक्टरकडे जायचं, दानुतेलाही मी सांगणार, तुमच्या पाठीमागे नाही, तुमच्या समोर बसून. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. न बोलणं म्हणजे पास की नापास, या वेळी ओळखता आलं नाही. शेवटी म्हणाल्या, "ती मला सातव्या मजल्यावर ठेवेल, झीता. तिथे मला एक दारसुद्धा ठाऊक नाही. इथे मला सगळं दिसतं."

८ जानेवारी

आलितुसला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. डावा डोळा गेला, तो येणार नाही. उजव्यात मोतीबिंदू, शस्त्रक्रिया करता येईल, मार्चची तारीख मिळाली. किती दिसेल ते डॉक्टर सांगत नाहीत. ब्रोन्यूसने घरी आल्यावर लगेच विहिरीच्या वाटेला दोरी बांधली, धरून चालायला. सासूबाई म्हणाल्या, म्हणजे मार्चपर्यंत तरी खिम्याला साधी कड.

साखर मी वरच्या फळीवर नेली. मिठाची बरणी उजव्या हाताला. वाफेने दगड होतं ते मी रोज सकाळी फोडते.

११ जानेवारी

रविवार. कोल्दून केले, दोन्ही. मशरूमची मुरड निम्मी त्यांची, निम्मी माझी. खिम्याच्या कडा मी काट्याने दाबल्या, साठच्या साठ. त्यांनी एक उचलला, अंगठा फिरवला आणि म्हणाल्या की काटा जरा तिरका धर, पुढच्या खाचा बोटाला लागत नाहीत. सारणावर काही बोलल्या नाहीत.

कोल्दून व्हरांड्यात गेल्यावर दानुतेला फोन लावला. ठरल्याप्रमाणे सगळं सांगितलं, डोळा, मार्च, दोरी, आणि तिच्यापासून फोनवर काय लपवलं होतं तेही. ती रडली. माझ्यावर ओरडली, ते बरोबरच होतं. मग म्हणाली, "म्हणजे मी म्हणत होते तेच ना? आईला नाही झेपत."

मी म्हटलं, "एकटीला नाही झेपत ताई. आम्हाला दोघींना झेपतं. त्या इथेच राहतील."

तिने नाक शिंकरलं. मग म्हणाली, शस्त्रक्रियेला मी येते. फोन ठेवून मी चुलीकडे वळले. सासूबाई ओट्यावर मोजे विणत होत्या, पायात कौनासच्या मऊ सपाता. या वेळी विणायच्या थांबल्या होत्या.

"ऐकलंत ना?" मी विचारलं.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "चहा टाक. आणि माझ्या कपात बोट तू घाल."